परीक्षा केंद्राच्या दारातील समता

दरवर्षी एप्रिल संपत आला की वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर एक ठरावीक लेखन प्रसिद्ध होऊ लागते. 'परीक्षेला जाताना', 'केंद्रावर काय काळजी घ्याल', 'शेवटच्या दिवसाचे नियोजन' अशी त्याची शीर्षके असतात. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना परीक्षा केंद्रावर कशाला सामोरे जावे लागेल, हे सांगणे हा त्याचा हेतू. साहित्याचा अभ्यासक अशा लेखनाकडे सहसा वळत नाही. ते माहितीपर आहे, त्याला शैली नाही, असे म्हणून आपण ते सोडून देतो. परंतु आपल्या समाजातील हजारो विद्यार्थी आयुष्याच्या एका निर्णायक क्षणी जे लेखन पोथीसारखे वाचतात, त्याची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम नाही असे कसे म्हणता येईल? कोणतेही लेखन कोणासाठी तरी लिहिलेले असते आणि ते कोणासाठी लिहिले आहे हे त्यात काय गृहीत धरले आहे यावरून कळते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. डॉक्टरकीच्या परवान्याकडे जाणाऱ्या वाटेवर परीक्षेचे दोन मोठे दरवाजे आहेत. पहिला वैद्यकीय महाविद्यालयात शिरण्याचा. त्यासाठीची 'नीट' ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ साली आपला तो निर्णय मागे घेतला आणि मग ती रुळली. महाराष्ट्रात २०१६ पर्यंत सरकारी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी होती. २०१९ पासून 'नीट'चा कारभार नॅशनल टेस्टिंग एजन्सी या संस्थेकडे गेला. दुसरा दरवाजा परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्यांसाठी आहे. त्यांतील बहुतेकांना येथे नोंदणी हवी असल्यास 'एफएमजीई' ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती २००२ साली सुरू झाली. या दरवाजांविषयी जे लिहिले जाते त्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला सरकारी सूचनापत्रकाचा, दुसरा वृत्तपत्रीय सल्ल्याचा आणि तिसरा निकालानंतरच्या यशोगाथेचा. तिन्ही एकमेकांना धरून आहेत, म्हणून तिन्ही क्रमाने पाहू.

सूचनापत्रक हे मूळ. २०२५ च्या 'नीट'चे उदाहरण घेऊ. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. वेळ दुपारी २ ते ५. दीड वाजता दार बंद होते आणि नंतर आलेल्याला आत घेत नाहीत. लांब बाह्यांचे व जाड कपडे चालत नाहीत. बूट चालत नाहीत, साधी चप्पल चालते. अंगावर दागिना नको, घड्याळ नको, पट्टा नको, पाकीट नको, मोबाईल तर नकोच. पेन केंद्रावर मिळते. पाण्याची बाटली आपली न्यावी, पण ती आरपार दिसणारी हवी. हॉल तिकिटासोबतच्या पत्रकावर फोटो चिकटवायचा, डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा उमटवायचा आणि सही मात्र पर्यवेक्षकासमोर करायची. दारावर यंत्राने झडती, आत यंत्रावर ओळख पटवणे, वर्गात कॅमेरा.

या नियमांत एक प्रकारची समता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत होते तेव्हा त्यांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि शिपाई हजर नसला तर त्यांना पाणी मिळत नसे. आज परीक्षेच्या वर्गात कोणी कुठल्या बाकावर बसायचे हे बैठक क्रमांक ठरवतो. शेजारी कोण बसला आहे याची उठाठेव तेथे कोणाला करता येत नाही. पाटलाच्या पोराला मिळते तेच पेन केळीच्या मळ्यात राबणाऱ्याच्या पोरीला मिळते. हा बदल लहान नव्हे. तो आपोआपही घडलेला नाही. त्यामागे चळवळ आहे, संविधान आहे आणि दोन-तीन पिढ्यांचे कष्ट आहेत. म्हणून परीक्षा केंद्राला केवळ शिव्या घालणे हा आपला मार्ग होऊ शकत नाही.

परंतु हे पत्रक विद्यार्थ्याशी ज्या भाषेत बोलते ती भाषाही तपासली पाहिजे. त्यातील वाक्यांमागून वाक्ये नकारार्थी आहेत. नेऊ नये, घालू नये, बोलू नये, उठू नये. वाचणारा गुन्हा करणारच, या गृहीतावर सारी रचना उभी आहे. सुखवस्तू घरातील मुलाला आपल्याकडे असे संशयाने पाहिले जाण्याचा अनुभव कदाचित त्या दिवशी प्रथमच येत असेल. आपल्याकडील काही मुलांना तो जन्मजात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या पणजोबांना जन्मतःच चोर ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत ज्यांना त्यातून सुटका मिळाली नाही, त्यांची नातवंडे-पतवंडे आज या रांगेत उभी आहेत. झडतीचा हात अंगावर पडला की त्यांच्या मनात काय होते, याचा विचार पत्रक लिहिणाऱ्याने केला असण्याचा संभव नाही. मुलींच्या बाबतीत तर हा संशय कोणत्या थराला जातो हे २०१७ साली केरळातील कन्नूरला आणि २०२२ साली कोल्लम जिल्ह्यात दिसले. तेथे परीक्षार्थी मुलींना अंतर्वस्त्रे काढावयास लावल्याच्या तक्रारी झाल्या आणि देशभर गाजल्या.

आणि इतका संशय घेऊन काय साधले? ५ मे २०२४ ची परीक्षा आठवावी. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले होते. १५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले होते. ते मागे घेऊन २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण पाटणा व हजारीबागेपर्यंत पोचले, तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंतही आले. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेपर फुटल्याचे मान्य केले. मात्र सबंध परीक्षाच बिघडली असे म्हणण्याइतका पुरावा नाही, म्हणून ती रद्द करण्यास नकार दिला. यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. दारावर मुलीच्या कानातली रिंग काढून घेतली जात होती, तेव्हा पेपर मागल्या बाजूने केव्हाच बाहेर गेला होता. ज्याच्याजवळ लाखो रुपये नाहीत त्याला पेपर फोडता येत नाही. झडती मात्र त्याचीच कसून होते.

पत्रकातील त्या अंगठ्याबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या कवितेत एकलव्याचा अंगठा पुष्कळ येऊन गेला, इतका की आता तो वाचून काही होईनासे झाले आहे. हा दुसरा अंगठा मात्र अजून कोणी फारसा पाहिलेला नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या आजोबाची नात आता सही करू शकते, जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न सोडवू शकते, तरी तिची सही पुरेशी नसते. नियम सर्वांना सारखा आहे, हे खरे. पण ज्यांच्या घरात अंगठा ही निरक्षरतेची खूण होती त्यांना तो वेगळा जाणवतो. साहित्याने टिपावयाच्या गोष्टी अशाच असतात.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे वृत्तपत्रीय सल्ल्याकडे वळू. आदल्या रात्री शांत झोप घ्यावी. सकाळी हलका, पौष्टिक आहार घ्यावा. आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे. आई-वडिलांनी सोबत जावे व मुलांना धीर द्यावा. तणाव घेऊ नये. यातील एकही वाक्य चुकीचे नाही. परंतु या वाक्यांचा वाचक कोण? त्याला स्वतंत्र खोली आहे, घरी वाहन आहे, वडिलांना रविवारची सुट्टी आहे आणि परीक्षेचे शहर हेच त्याचे शहर आहे. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. म्हणून असा सल्ला वाचताना त्यात काय गाळले आहे तेच मला आधी दिसते.

आमच्या फैजपूरचेच उदाहरण घ्या. १९३६ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन म्हणून इतिहासात नोंदले गेले. राष्ट्र एकदा आमच्या गावी आले होते, असे आम्ही अभिमानाने सांगतो. आज परीक्षेसाठी आमच्या मुलांना राष्ट्राकडे जावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून निघालेली तडवी किंवा पावरा मुलगी आधी यावल-फैजपूरला उतरते आणि मग पुढे जळगावची एसटी धरते. मे महिन्याचा पहिला रविवार म्हणजे खानदेशात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात. बापाने केळीचा ट्रक भरावयाचा की मुलीबरोबर जावयाचे? गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. केंद्राबाहेर सावली नसते, तेथे तो चार-पाच तास उभा राहतो. 'आदल्या दिवशी केंद्र पाहून यावे' या एका वाक्याचा अर्थ आमच्याकडे दोन दिवसांचे भाडे आणि एका रात्रीचा निवारा असा होतो. सल्ला देणाऱ्याच्या हे गावीही नसते.

भाषेचेही तसेच. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु प्रश्न केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांवर बेतलेले, शिकवणी वर्गांचे साहित्य इंग्रजीत आणि पुढे एमबीबीएसचा सारा अभ्यासही इंग्रजीतच. म्हणून मराठी प्रश्नपत्रिका मागणारे थोडेच निघतात. मराठीतून शिकलेली मुलगी तीन तासांत इंग्रजी प्रश्न मनात मराठीत उतरवते, तो सोडवते आणि पुन्हा इंग्रजी पर्यायांकडे येते. हा तिचा जादा वेळ कोणत्याही घड्याळात मोजला जात नाही.

आणखी एक कागद आहे, त्याचा उल्लेख परीक्षेच्या सल्ल्यात क्वचितच येतो. केंद्रावर तो मागत नाहीत, प्रवेशाच्या वेळी मागतात. तो म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर पडताळणी समितीकडून तो आणावा लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो आणि त्यातही वाडवडिलांच्या शाळेतील नोंद महत्त्वाची समजली जाते. ज्या आजोबाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचा शाळेचा दाखला आणा, असे नातवाला सांगितले जाते. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही या कागदापायी धावाधाव करणारी कुटुंबे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

तिसरा प्रकार यशोगाथेचा. निकाल लागला की छायाचित्रे येतात. मजुराचा मुलगा, विधवा आईची मुलगी, तोंडात पेढा. आपल्याला आनंद होतो, तो व्हावाही. पण या कथांची रचना पाहावी. 'परिस्थितीवर मात' हे त्यांचे एकच सूत्र आणि परिस्थिती कोणी निर्माण केली हा प्रश्न त्यांत कधीही येत नाही. एकाने करून दाखवले म्हणजे राहिलेल्यांनी कष्ट कमी केले, असा त्याचा न बोललेला निष्कर्ष. २०२४ साली २३ लाखांवर विद्यार्थी परीक्षेला बसले. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक आणि त्यांतील सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. खासगी महाविद्यालयाची फी मजुराच्या आवाक्यात नाही. तेव्हा तेथे जे घडते ते बहुतांशी वगळणे आहे. यशोगाथा त्याला 'निवड' असे नाव देते.

तामिळनाडूतील अरियलूर जिल्ह्यातील अनिता या दलित मुलीला बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते. 'नीट'च्या गुणांवर तिला प्रवेश मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आत्महत्या केली. यशोगाथा लिहिणाऱ्यांना विचारावे, ही मुलगी गुणवान होती की नव्हती? पुढे तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली अहवाल दिला. 'नीट' आल्यानंतर ग्रामीण, गरीब आणि तमिळ माध्यमातील विद्यार्थ्यांचा वाटा घटला, असा त्याचा निष्कर्ष होता. महाराष्ट्राने अशी तपासणी करावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

'गुणवत्ता' या शब्दाचे सोंग २०२३ साली पुरते उघडे पडले. त्या वर्षी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा पात्रतेची अट सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. आरक्षणाने गुणवत्ता बुडते, असा आक्रोश करणाऱ्यांचा आवाज त्या वेळी कोठे ऐकू आला? जागा विकल्या जात असतील तर शून्य चालते. जागा राखीव असेल तर पाच गुणांचाही हिशेब मागितला जातो. सर्वोच्च न्यायालयानेच २० जानेवारी २०२२ च्या निकालात, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण मान्य करताना, खुल्या स्पर्धेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे आणि त्या गुणांमागे सामाजिक-आर्थिक सोयी उभ्या असतात, असे स्पष्ट म्हटले आहे. तो निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे.

आता दुसऱ्या दरवाजाकडे. येथे सरकारी जागा मिळाली नाही की काही कुटुंबे मुलांना रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान अशा देशांत पाठवतात. यांत श्रीमंत आहेत तसे शेत गहाण टाकणारेही आहेत आणि आता आपल्या समाजातील नोकरदारही आहेत. परतल्यावर 'एफएमजीई'. ती संगणकावर होते. ३०० प्रश्न, दोन भागांत, प्रत्येक भागाला १५० मिनिटे. चुकीला गुण वजा होत नाहीत. ३०० पैकी १५० मिळवणारा उत्तीर्ण, मग तो कोणत्याही प्रवर्गाचा असो. प्रश्न केवळ इंग्रजीत. जून २०२३ मध्ये उत्तीर्णांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीस टक्क्यांच्या आसपास. सहा वर्षे परक्या देशात काढून, कर्ज डोक्यावर घेऊन आलेला तरुण या केंद्रावर बसतो, तेव्हा तो एकटा परीक्षा देत नसतो. बापाचे शेतही तेथे पणाला लागलेले असते. दलालाच्या माहितीपत्रकात हे आकडे कुठल्या पानावर असतात, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे.

ही परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडेच पदव्युत्तर 'नीट'ही आहे. २०२४ साली २३ जूनची ती परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. दूरदूरच्या शहरांत पोचलेले डॉक्टर तसेच परत फिरले. परीक्षार्थी एक मिनिट उशिरा आला तर त्याला दार बंद. संस्थेने अख्खी परीक्षा पुढे ढकलली तर तिला कोणते दार बंद होते? नियम एकाच बाजूने बांधणारे असतील तर त्यांना शिस्त म्हणता येत नाही.

आणि दार ओलांडल्यावर तरी काय होते? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात वर्गापासून वसतिगृहापर्यंतच्या भेदभावाची नोंद आहे. आमच्या जळगाव जिल्ह्याच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने असे सारे दरवाजे ओलांडले होते. ती डॉक्टर झाली होती आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टर सहकाऱ्यांवर जातीय छळाचा आरोप ठेवला गेला, प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण एवढेच लक्षात ठेवावे की परीक्षेच्या वर्गात बैठक क्रमांकाने दिलेली समता वर्गाबाहेर टिकत नाही. कोणत्याही सूचनापत्रकात याबद्दल एक ओळ नाही.

म्हणजे या तिन्ही प्रकारच्या लेखनाचा दोष एकच आहे. ते दारापासून सुरू होते आणि दारातच संपते. दाराआधीची वाट आणि दारानंतरची इमारत त्यांच्या कक्षेत येत नाही. तीन तासांची समता दाखवून ते बाकीच्या आयुष्यातील विषमतेला नैसर्गिक ठरवते. आपल्या स्वकथनांनी एकेकाळी हेच मौन फोडले. शाळेबाहेर बसवलेला पोर, गुरुजींची छडी, वसतिगृहातील भूक हे सारे १९७० नंतरच्या दलित आत्मकथनांनी मराठी वाचकासमोर ठेवले. आजच्या पिढीची शाळा बदलली आहे, तिची अडवणूकही बदलली आहे. शिकवणी वर्ग, हॉल तिकीट, झडती, पडताळणी समितीची तारीख हे तिचे अनुभवविश्व आहे. ते लिहिले गेले पाहिजे. जुन्या प्रतिमा घोळवत बसण्यात आता अर्थ नाही.

लिहिण्याबरोबर करण्याचीही कामे आहेत. पर्यायी मार्गदर्शन आपल्यालाच तयार करावे लागेल. प्रत्येक तालुक्यातील शिक्षक व कार्यकर्त्यांनी मार्च महिन्यातच परीक्षेला बसणाऱ्यांची यादी करावी. हॉल तिकीट परीक्षेच्या काही दिवसच आधी मिळते. ते हाती पडताच केंद्राचा पत्ता, गाडीची वेळ आणि मुक्कामाची जागा ठरवून द्यावी. शहरातील बौद्ध विहार, समाजमंदिर, वसतिगृह त्या शनिवारी उघडे ठेवावे. अर्ध्या बाह्यांचा कपडा, साधी चप्पल, फोटो, ओळखपत्र आणि आरपार दिसणारी बाटली आदल्या रात्री कोणीतरी तपासून द्यावी. मुलींसोबत एक जाणती बाई केंद्राच्या दारापर्यंत असावी. झडतीत अपमान झाला तर तक्रार कोठे व कशी लिहायची, हे तिला माहीत असावे. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करून घ्यावा. निकालानंतर नापास झालेल्यांच्या घरी आधी जावे. पास झालेल्यांच्या घरी पेढे असतातच. आणि जे आत गेले त्यांच्याशी पहिल्या वर्षापासून संबंध ठेवावा, त्यांना तेथे एकटे पडू देऊ नये.

असे एक चार पानी पत्रक आपल्या बोलीत, आपल्या मुलांना गृहीत धरून, पुढच्या परीक्षेपूर्वी निघाले पाहिजे. ते निघाले की वर चर्चिलेल्या लेखनाला आपण खरे उत्तर दिले असे होईल.